फुंकरचं नाक आणि मामांची दाढी

त्याला सगळे फुंकर म्हणत. खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं आणि तिथंच धूळ खात पडलं होतं. फार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकानं दाढी झाल्यावर डोळे उघडून विचारलं होतं, वस्तरा फिरवलास की नुसती फुंकर घातलीस? तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. माणूस मात्र नावाच्या अगदी उलट. दारातून आत येताना खांदा तिरका करावा लागेल असा धिप्पाड, पंजे सुपाएवढे, आणि आवाज असा की तो गिऱ्हाइकाशी बोलायला लागला की शेजारचा बेकरीवाला आपल्या भट्टीपाशी उभा राहून उत्तर देई. पण त्या सुपाएवढ्या पंजात वस्तरा आला की त्याचं वजन कुठं जायचं कोण जाणे. लोक खुर्चीत डोळे मिटायचे आणि बरेचदा घोरायला लागायचे.

तो काही जन्मानं या धंद्यातला नव्हता. तरुणपणी एका गोदामात खोकी उचलायचा. कोपऱ्यावरच्या तीन खुर्च्यांच्या सलूनमध्ये एकदा दाढीला गेला, तिथं मालकाची मुलगी गरम पाण्याचं भांडं घेऊन आली, आणि झालं. त्यानंतर तो दर दोन दिवसांनी दाढीला यायला लागला, मग रोज. मालकानं चारआठ दिवस बघितलं आणि एका सकाळी ब्रश खाली ठेवून म्हटलं, "दाढी उगवायला तरी वेळ देत जा." मुलगी मागच्या दारात हसली ती ऐकू येण्याइतकी मोठ्यानं. मग लपवण्यासारखं काही उरलंच नाही.

मालकाची, म्हणजे पुढच्या मामांची, अट एकच होती. मुलगी देईन, पण आधी हात दाखव. हात दाखवायचा म्हणजे फुगा फुगवून त्याला साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्यानं तो फेस असा काढायचा, की फुग्याला कळताही कामा नये. रोज दुकान बंद झाल्यावर फुंकर फुगा धरून बसायचा आणि रोज फुगा फुटायचा. फेस तोंडावर, आरशावर, छतावर. खोकी उचलणाऱ्या हाताला हलकं काही धरायचं माहीतच नव्हतं. फुगे फुगवून द्यायचं काम मुलीकडे होतं, आणि ती ते जरासे सैल फुगवून द्यायला लागली. सैल फुगा चटकन फुटत नाही. तेवढ्या सवलतीवर फुंकर हळूहळू शिकला, लग्न झालं, आणि सैल फुग्यांचं गुपित नवराबायकोनं पुढे जन्मभर जपलं.

मामा दुकानात त्याला 'अरे तुरे' करत, आणि दुकानाच्या मागच्या दारातून घरात पाऊल टाकलं की 'जावईबापू' म्हणत. एक उंबरठा, पण इकडे उस्ताद आणि तिकडे सासरे. वर्षं गेली. मामांचे गुडघे गेले, डोळ्यांवर पडदा आला, वस्तरा जावयाच्या हाती आला. मामा दिवसभर दुकानाच्या दारातल्या बाकावर बसून आल्यागेल्याची हजामत तोंडानं करत. आठवड्यातून एकदा, दुकान उघडायच्या आधी, ते पहिल्या खुर्चीत बसत आणि गाल पुढे करत. दुसऱ्या कुणाचा हात त्यांनी तोंडाला लावून घेतला नाही. दाढी झाली की तळवा गालावरून वरखाली फिरवत आणि म्हणत, "हं." फुंकरच्या लेखी गावातली सगळी शाबासकी एका बाजूला आणि ते 'हं' एका बाजूला.

आणि अशा सगळ्या सुखात त्याच्या नाकानं दगा दिला.

आधी डाव्या नाकपुडीनं संप पुकारला. श्वास एकाच बाजूनं. सर्दी असेल म्हणून त्यानं दुर्लक्ष केलं. मग तोंड धुताना बेसिनमध्ये लाल थेंब दिसायला लागले. फुंकर घाबरला नाही, कारण आपल्याला कारण ठाऊक आहे असं त्याला वाटलं. नाकातले केस कापताना आपलीच बारीक कात्री लागली असणार. गल्लीतल्या प्रत्येक नाकात ती कात्री जाऊन आली होती, आजवर कुणाला ओरखडा नाही, तर स्वतःच्याच नाकात चुकली असेल. आणि कापल्यावर काय करायचं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तीस वर्षं हाताशी तुरटीचा खडा होता. त्यानं तुरटीचा एक लांबट तुकडा तासला, ओला केला आणि नाकात सारला. झोंबलं, डोळ्यांतून पाणी आलं, रक्त थांबलं. फुंकर स्वतःवर खूश झाला.

दोन दिवसांनी परत रक्त, परत तुरटी. पुढे हे रोजचंच झालं. जेवढी तुरटी तेवढं रक्त, आणि जेवढं रक्त तेवढी तुरटी. एखाद्या गवंड्याला पोट दुखलं तर तो काही सिमेंट खात नाही. पण सलूनवाल्याला रक्त दिसलं की तुरटीच दिसते, त्याला कोण काय करणार?

गिऱ्हाइकांपासून लपवायचं म्हणून तो नाकात कापसाचा बोळा घालायला लागला आणि सर्दी झाली म्हणून सांगायला लागला. तरी एकदा एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या चादरीवर थेंब पडलाच. गिऱ्हाईक घोरत होतं म्हणून निभावलं. त्या संध्याकाळी फुंकरनं दुकानातल्या सगळ्या पांढऱ्या चादरी बासनात बांधल्या आणि नव्या आणल्या, गडद तांबड्या. स्वतःलाही तसाच तांबडा डगला शिवून घेतला. लोक म्हणाले, वा, दुकान एकदम झोकात दिसतंय. बायकोनं चादरींकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं की पांढऱ्यात काय वाईट होतं. मळतात, तो म्हणाला. ज्या माणसाला स्वतःच्या बनियनला पडलेलं भोक महिनाभर दिसत नाही, त्याला मळाची चिंता कधीपासून लागली, असा प्रश्न तिला पडला असणार.

खरं तर आतून तो पार गळाला होता. दुकानाचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, चष्म्याच्या दुकानातलं. त्याच्याही नाकातून असंच एका बाजूनं रक्त यायचं. निदान झालं तेव्हा उशीर झाला होता, माणूस बघता बघता खंगला आणि गेला. शेवटच्या दिवसांत फुंकर घरी जाऊन त्याची दाढी करून यायचा. खोल गेलेल्या गालांवरून वस्तरा फिरवताना हाताला जे लागलं होतं, ते तो विसरला नव्हता. आता रोज सकाळी तो स्वतःचे गाल चाचपून बघे. आणि ज्याला विचारलं तर कळेल त्या डॉक्टरकडे जायचं नाही, हे त्यानं पक्कं केलं होतं. कळलंच नाही तर आजार नाही, असा त्याचा हिशोब. अशा हिशोबानं चालणारा तो काही जगातला एकटा नाही.

मामांच्या दाढीच्या दिवशी मात्र पंचाईत व्हायची. मामांना डोळ्यांनी कमी दिसे, पण कान तिखट. नाकात बोळा घालून त्यांच्याशी बोललं तर आवाजावरूनच त्यांनी पकडलं असतं. म्हणून तेवढा वेळ तो बोळा काढून ठेवी आणि जीव मुठीत धरून दाढी उरकी. शिवाय मामांना तांबडी चादर चालायची नाही. त्यांची जुनी पांढरी चादर त्यांनी बासनातून परत काढायला लावली होती.

त्या सकाळी उजवा गाल झाला होता. डाव्या गालावर फेस जाड, पांढराशुभ्र. फुंकर वाकला आणि फेसाच्या मधोमध टप्पकन एक लाल थेंब पडला. लगेच दुसरा. मामांचे डोळे अधू असले तरी आरशात पांढऱ्यावरचं लाल त्यांना दिसलं.

"कापलंस?" मामांनी विचारलं.

फुंकरपुढे दोन वाटा होत्या. नाकाचं सांगायचं, म्हणजे उद्या डॉक्टर आणि परवा चष्मेवाल्यासारखे गाल. नाहीतर कापलं म्हणायचं. त्यानं बाहीनं नाक दाबलं आणि आयुष्यात कधी न म्हटलेलं वाक्य म्हटलं. "हो मामा. हात हलला जरा."

घाईघाईनं त्यानं फेस पुसला, जिथं काहीच झालं नव्हतं तिथं तुरटीचा खडा फिरवला आणि पुन्हा ब्रश उचलला. मामांनी हात वर केला. चादर स्वतःच काढली, घडी घातली आणि उठले.

"राहू द्या, जावईबापू," ते म्हणाले.

दुकानात उभं राहून 'जावईबापू'. एक गाल सफाचट आणि दुसऱ्यावर आठवड्याचे पांढरे खुंट घेऊन मामा बाकावर जाऊन बसले. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थबकला. बेकरीवाल्यानं विचारलं, मामा हे काय? मामा म्हणाले, जावईबापूंना विचारा. पावाच्या पिशव्या घेऊन जाणाऱ्या बायांनी विचारलं, त्यांनाही तेच उत्तर. मुलगी दुसऱ्या सलूनवाल्याला घरी बोलावते म्हणाली, तर म्हणाले, या गालाला एकच हात ठाऊक आहे. तो जाग्यावर आला की बघू.

आठवडा गेला, दुसरा गेला. दोन्ही गाल मिळून गेले आणि पांढरं रान माजलं. ज्यांनी गावातल्या निम्म्या लोकांच्या दाढ्या केल्या, ते उस्ताद सलूनच्याच दारात दाढीचं जंगल घेऊन बसलेले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा भर दुपारी लोकांनी बघितला. फुंकर खुर्चीमागे उभा राहिला की समोरच्या आरशात त्याला बाकावरची ती दाढी दिसायची. आरसा काही हलवता येत नव्हता. गिऱ्हाइकाच्या गालाला वस्तरा लावताना त्याचा हात खरंच जड व्हायला लागला. खोटं बोललेलं खरं होऊ पाहत होतं. नाकातलं रक्त त्यानं सोसलं असतं, भीतीही सोसली असती, पण ते 'हं' आता या जन्मात ऐकायला मिळणार नाही, हे त्याला सोसेना. एका संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला आणि बायकोच्या पाठीला म्हणाला, "माझ्या नाकात काहीतरी आहे."

"उद्या दहाचा नंबर लावलाय," ती मागे न वळता म्हणाली. "तांबडा डगला घालू नका."

नाक-कान-घशाची डॉक्टरीण वयानं लहान, चणीनं त्याच्या निम्मी. तिनं त्याला उंच खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती चादर बांधली, खुर्ची मागे झुकवली आणि हातात चकचकीत हत्यार घेतलं. फुंकरला दरदरून घाम फुटला. जन्मभर लोकांना त्यानं असंच झुकवलं होतं, आणि आपल्याला खुर्चीत भोवळ येते म्हणणाऱ्यांना हसला होता.

"हलू नका," डॉक्टरीण म्हणाली. हेही त्याचंच वाक्य.

नाक बधिर करून तिनं उदबत्तीएवढी बारीक दुर्बीण आत सरकवली. बाजूच्या पडद्यावर त्याच्या नाकाचं आतलं घर दिसायला लागलं आणि नाकाच्या मधल्या पडद्याला लटकलेली एक लालभडक गाठ दिसली, डाळिंबाच्या मोठ्या दाण्याएवढी, ओलसर. नाकाला काय काय केलंत, तिनं विचारलं. फुंकर छताकडे बघायला लागला. बायकोनं पर्समधून तुरटीचा तासलेला तुकडा काढून टेबलावर ठेवला. तो तिच्या हाती कधी लागला हे त्याला आजवर कळलेलं नाही. डॉक्टरणीनं तुकडा उलटसुलट करून बघितला आणि चिमट्यात धरून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

मग तिनं नीट समजावून सांगितलं. ही बारीक रक्तवाहिन्यांची गुंतवळ आहे, बहुतेक साधी, पसरणारी वाटत नाही. कशामुळे झाली ते छातीठोक सांगता येत नाही, पण नाजूक जागी सारखं काही खुपसलं, टोचलं, की अशा गाठी धरतात आणि चिडतात. इथं बसून तुकडा काढायचा नाही, रक्तानं भरलेली असते, वाहत राहील. आधी स्कॅन करून मूळ कुठवर आहे ते बघू, मग भूल देऊन दुर्बिणीतूनच सगळी मुळासकट काढू आणि जागा लेझरच्या किरणानं डागून बंद करू. काढलेली गाठ तपासायला जाईल. तोंडावर काप नाही, बाहेर टाका नाही.

"म्हणजे कापणार, पण दिसणार नाही?" फुंकरनं विचारलं.

"तुमच्या दाढीसारखं," बायको म्हणाली.

फुंकरला एवढ्यातही एक गोष्ट जाणवली होती. दुर्बीण आत गेली आणि बाहेर आली, पण नाकाला पत्ता लागला नाही. नुसतं बधिर करण्याच्या औषधानं असं होत नाही, हात लागतो. त्यानं दबकत विचारलं, "फुग्यावर शिकलात का?" डॉक्टरीण हसली आणि म्हणाली, टोमॅटोवर. त्या उत्तरानं त्याचा निम्मा धीर परत आला. हात शिकवून आलेल्या माणसाच्या ताब्यात नाक द्यायला हरकत नव्हती.

शस्त्रक्रिया अशी झाली की सांगण्यासारखं त्याच्याकडे काही उरलं नाही. झोपला आणि उठला. डाव्या नाकपुडीत विरघळणारा बोळा, आणि घरी जाताना सूचना. मिठाच्या पाण्याचा फवारा मारायचा, शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, आणि तुरटी नाकाच्या आसपास दिसता कामा नये. वाकायचं नाही म्हणजे दुकान बंद. मामा बंद दाराशी बाकावर बसून राहत. गिऱ्हाईक आलं की म्हणत, थोडे दिवस वाढू दे, मी नाही का वाढवली.

तपासणीचा निकाल यायचा होता ते दिवस सगळ्यांत वाईट. फुंकर रोज गाल चाचपायचा. मामा विचारत काही नव्हते, पण टेलिफोन वाजला की बाकावरून उठायचे आणि गुडघे धरून परत बसायचे. शेवटी फोन आला. बायकोनं ऐकलं, हो हो म्हटलं, फोन ठेवला आणि म्हणाली, "साधी होती. वाईट काही नाही." मग भिंतीला टेकून पदर डोळ्यांना लावला. इतके दिवस कंबर कसून उभी असलेली बाई, तिला तेव्हा खुर्ची द्यावी लागली.

डॉक्टरणीनं वाकायची परवानगी दिली, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक कोण हे कुणी विचारलं नाही. सकाळी दुकान उघडायच्या आधी मामा पहिल्या खुर्चीत येऊन बसले. फुंकरनं पांढरी चादर झटकून गळ्याला बांधली. आधी कात्रीनं रान उतरवलं, मग कोमट पाणी, मग फेस. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवला. पण तो गालाला टेकवण्याआधी त्याला एक गोष्ट सांगायलाच हवी होती.

"मामा, त्या दिवशी मी कापलं नव्हतं."

"ठाऊक आहे."

फुंकरचा वस्तरा हवेतच राहिला.

"तुरटी फिरवलीस," मामा डोळे मिटूनच म्हणाले. "कापलेल्या गालाला तुरटी झोंबते. मला झोंबली नाही. मग म्हटलं, हे रक्त माझं नाही. माझं नाही तर कुणाचं?"

त्याच दुपारी त्यांनी मुलीला हाक मारून सगळं सांगितलं होतं. तांबड्या चादरींचा अर्थ दोघांनी मिळून लावला होता.

"मग मला बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू म्हणाला असतास, काही नाही मामा, सर्दी आहे. तुला ओळखतो मी." मामांनी गळ्याशी चादर सारखी केली. "अरे, मी मनात म्हटलं, या माणसानं तीस वर्षांत कुणाला ओरखडा काढला नाही, आणि तो आपल्याच हातावर आळ घेतो. म्हणजे आतलं दुखणं केवढं असेल? मी घाबरलो रे. मला दुसरं काही सुचलं नाही. म्हटलं, दाढी वाढवून समोर बसतो. ती बघून तरी तोंड उघडशील."

मामांनी एक डोळा उघडला.

"आणि फुगे सैल असायचे, हेही मला ठाऊक होतं."

मागच्या दारात गरम पाण्याचं भांडं घेऊन बायको उभी होती. ती हसली, ऐकू येण्याइतकी मोठ्यानं. फुंकर वाकला, उजव्या गालावरून वस्तरा खाली आणला, मग डाव्या. जिथं तेव्हा राहिलं होतं, बरोबर तिथं आला आणि फेसावर टप्पकन एक थेंब पडला. मामा दचकले. आरशाकडे मान पुढे करून डोळे बारीक करून बघायला लागले. फेस पांढराच होता.

"आता हे कुठलं?" मामांनी विचारलं.

"नाकातलं नाही, मामा."

मामांनी मान परत मागे टेकवली आणि डोळे मिटले. "मग चालू दे तुझं," ते म्हणाले.